महागडा मदरबोर्ड फ्रेम वाढवत नाही

पीसी जुळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फॉरवर्ड होतो. त्याचा गोषवारा असा: बजेटचा मोठा हिस्सा आधी मदरबोर्डावर घाला. एक्स८७०ई हा महागडा चिपसेट असलेला बोर्ड नसेल तर एएमडीचा ९८००एक्स३डी प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालत नाही. पीसीआयई ५.० शिवाय, म्हणजे कार्ड आणि एसएसडी ज्या वाटेने जोडले जातात तिच्या नव्या पिढीशिवाय, नवं ग्राफिक्स कार्ड वाया. रॅमचे चारही स्लॉट भरा. असा बोर्ड घेतला की सात वर्षं निश्चिंत, आणि तोच वर्कस्टेशनलाही पुरतो. यातलं शेवटचं तेवढं काही जणांसाठी अर्धंमुर्धं खरं आहे. एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) धरून एकेक तपासू.

‘एक्स८७०ई नसेल तर प्रोसेसर अडखळतो’

चिपसेट प्रोसेसरला वेग देत नाही. यूएसबी, साटा, जास्तीचे एम.२ स्लॉट यांची सोय करणं हे त्याचं काम. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० या तिन्हींवर प्रोमोन्टरी २१ हीच चिप असते. एक्स८७०ई वर तीच दोनदा बसवलेली. एक्स८७० ला यूएसबी४ आणि ग्राफिक्स स्लॉटला पीसीआयई ५.० सक्तीचं, म्हणून किंमत चढते. रॅम आणि प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या एक्स्पो, पीबीओ, कर्व्ह ऑप्टिमायझर या सगळ्या सेटिंग बी६५० वरही चालतात.

प्रोसेसरला अडवू शकतो तो बोर्डावरचा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग), आणि त्याचा चिपसेटच्या नावाशी थेट संबंध नाही. ९८००एक्स३डी सॉकेटमधून जास्तीत जास्त १६२ वॅट ओढतो, गेममध्ये त्याहून बराच कमी. हीटसिंक असलेला कुठलाही बरा बी६५० हे सहज पेलतो. ९९५०एक्स मात्र २०० वॅटपर्यंत जातो. तो उघड्या व्हीआरएमच्या स्वस्त ए६२० वर बसवून तासन्‌तास रेंडर लावलं की क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, उतरणारच. तपासायचं असेल तर प्रोसेसरवर ताण टाकणारं सिनेबेंच अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरएमचं तापमान बघा. प्रोसेसर थंड आहे, तरी क्लॉक पडतोय, तर दोष व्हीआरएमचा. टॉवर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही वारा घालतो. लिक्विड कूलर लावला की तो वारा बंद. विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

महाग बोर्ड म्हणजे सुरक्षित, हेही नाही. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर जास्तीच्या एसओसी व्होल्टेजमुळे (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज) जळाले, त्यात महागडे बोर्डही होते. उपाय बायोसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून आला: हे व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखलं गेलं.

‘पीसीआयई ५.० शिवाय कार्ड वाया’

इथे तर गणित उलटं आहे. आरटीएक्स ५०९० सारखं कार्ड पीसीआयई ४.० च्या पूर्ण १६ लेनवर (डेटा वाहणाऱ्या मार्गिकांवर) लावलं तरी बहुतेक गेममध्ये फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. मार बसतो तो स्वस्त कार्डांना. आरटीएक्स ५०६० किंवा ५०६० टीआय फक्त ८ लेन वापरतात. त्यातलं ८ जीबीचं कार्ड जुन्या बी४५० वर, म्हणजे पीसीआयई ३.० वर लावलं आणि गेमने व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, ओलांडली, की डेटा सिस्टिम रॅममधून त्या अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम झटके खातो. म्हणजे स्लॉटची पिढी बघावी ती कमी लेनचं, कमी व्हीरॅमचं कार्ड जुन्या बोर्डावर लावताना.

लेन मोजायची सवय लावून घ्या. एएम५ च्या रायझन ९००० मधून वापरायला २४ लेन मिळतात: १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ ला, उरलेल्या ४ दुसऱ्या एम.२ ला किंवा यूएसबी४ ला. चिपसेटकडे जाणाऱ्या ४ लेन वेगळ्या, त्या पीसीआयई ४.० च्या, सेकंदाला साधारण ८ जीबी. चिपसेटवरचे सगळे एसएसडी, लॅन, यूएसबी याच वाटेवर. म्हणून ‘पाच एम.२ स्लॉट’ ही जाहिरात ऐकून हुरळू नये. बऱ्याच एक्स८७०ई बोर्डांवर पीसीआयई ५.० चा दुसरा एम.२ भरला, की ग्राफिक्स स्लॉट १६ वरून ८ लेनवर येतो. हे खोक्यावर नसतं. मॅन्युअलमध्ये, स्टोरेजच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरात असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. बोर्ड घेण्याआधी तेच पान उघडा.

आणि पीसीआयई ५.० चा एसएसडी? गेम लोड व्हायला ४.० च्या तुलनेत नगण्य फरक. पुढे जाऊ.

‘चारही स्लॉट भरा, वेग दुप्पट’

हा सल्ला सर्वांत घातक. एएम५ ला मेमरीचे चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले मार्ग, दोनच. चार स्लॉट म्हणजे प्रत्येक चॅनेलवर दोन, त्यामुळे चार स्टिकने वेग वाढत नाही, मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. रायझन ९००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला डीडीआर५-५६०० आणि चारला ३६००. नशिबाने जास्त मिळेल, पण खात्री नाही.

दोन स्टिकचं एकच किट घ्या: गेमिंगला १६-१६ किंवा ३२-३२ जीबी, डीडीआर५-६०००, सीएल३० (हा विलंबाचा आकडा). स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, ए२ आणि बी२. बायोसमध्ये एक्स्पो चालू केलं नाही तर ६००० ची रॅम मूळच्या कमी वेगावरच राहते. पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. ‘बोर्ड मेला’ म्हणून पुष्कळ जण याच वेळी स्विच बंद करतात. थांबा. नंतर आणखी एक किट आणून मिसळणं टाळा, नाव आणि मॉडेल तेच असलं तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात.

‘सात वर्षं बघायला नको’

आयुष्य सॉकेटला असतं, चिपसेटच्या किमतीला नाही. २०१७ चे बी३५० बोर्ड बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालवू शकले. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला १२वी ते १४वी अशा पिढ्या मिळाल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० एलजीए१८५१ वर गेला. एलजीए१७०० चा जुना झेड७९० बोर्ड कितीही महाग असो, त्यावर तो बसत नाही. एएम५ २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने सांगितलं आहे, आणि ते स्वस्त बी६५० लाही तितकंच लागू. उरलेला पैसा पुढच्या प्रोसेसरसाठी ठेवा.

अट एकच, बायोस. दुकानात पडून असलेला जुना बी६५० रायझन ९००० ओळखत नाही आणि डिस्प्लेच येत नाही. म्हणून फ्लॅशबॅक बटण (पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करणारं) असलेला बोर्ड निवडा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, २४ पिन आणि ८ पिन दोन्ही केबल जोडा, ठरलेल्या पोर्टात ड्राइव्ह लावून बटण सुमारे तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. यूपीएस असेल तर तो इथे कामी येतो.

‘तोच वर्कस्टेशनलाही पुरतो’

दोन ग्राफिक्स कार्डं लावायची असतील तर एक्स८७०ई ला अर्थ आहे, पण तोही स्लॉट ८-८ असे विभागणारा हवा. बहुतेक बी६५० वर दुसरा लांब स्लॉट चिपसेटच्या ४ लेनवर चालतो, दिसायला तेवढा मोठा. तीन-चार कार्डं किंवा भरमसाट एनव्हीएमई एसएसडी म्हटलं की एएमडीचा वर्कस्टेशन प्रोसेसर थ्रेडरिपर आणि त्याच्या टीआरएक्स५० बोर्डांकडेच जावं लागतं. तिथे मेमरी चार चॅनेलची आणि आरडीआयएमएम प्रकारची (सर्व्हरसारखी). आधीची साधी रॅम तिथे बसतच नाही, खाचेची जागाच वेगळी. ४:२:२ चं एचईव्हीसी फुटेज (जास्त रंगमाहिती असलेला व्हिडिओ) कापणाऱ्यांनी इंटेलचा क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओचा भाग) किंवा आरटीएक्स ५० कार्ड बघावं, कारण डेस्कटॉप रायझनमधला ग्राफिक्स भाग ते हार्डवेअरवर डीकोड करत नाही.

ईसीसी, म्हणजे चूक पकडून दुरुस्त करणारी मेमरी, हवी असेल तर डीडीआर५ च्या चिपमधल्या आतल्या दुरुस्तीवर भागवू नका. ती प्रोसेसरपर्यंतचा प्रवास राखत नाही. इंटेलला त्यासाठी डब्ल्यू६८० किंवा डब्ल्यू८८० चिपसेट लागतो. एएम५ वर ते बोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून. ‘ईसीसी मेमरी चालते’ एवढंच लिहिलं असेल तर ती साध्या रॅमसारखीच चालेल असाही त्याचा अर्थ निघतो. तक्त्यात ‘ईसीसी मोड’ असा स्पष्ट उल्लेख शोधा, आणि बोर्ड हातात आल्यावर लिनक्समध्ये ईडीएसी ड्रायव्हर (मेमरीच्या चुका नोंदवणारा) लोड होतोय का ते परत करण्याची मुदत संपायच्या आत बघून घ्या.