तो हंस दिऑरने काढलेला नाही

मोत्यांची माळ घातलेल्या पांढऱ्या हंसाचं 'मिस दिऑर' परफ्यूमचं जुनं पोस्टर फॅशन डिझायनर ख्रिश्चन दिऑरने 'स्वतःच्या हाताने काढलं' म्हणून फिरतंय, ते चूक आहे. ते रेने ग्रुओचं, इटलीत जन्मलेला, पॅरिसमध्ये नाव कमावलेला चित्रकार, त्याची चांदणी आणि इंग्रजी 'G' अक्षराची सही ओळखायला अगदी सोपी.

आता दिऑरला चित्र येत नव्हतं असं मुळीच नाही हं! १९४७ मध्ये पहिलं कलेक्शन आणायच्या कितीतरी आधी तो स्केचेस विकूनच पोट भरायचा. पण त्याची नंतरची स्केचेस शिवणाऱ्यांसाठी, त्यावरून आधी साध्या कापडात नमुना शिवायचे, आणि ग्रुओचं चित्र जाहिरातीसाठी, लोकांना दाखवायला. म्हणून प्लीज, शेअर करताना ग्रुओचं नाव टाकाच.