२१ दिवस सलग

परदेशी गेलेले संशोधक परत का येत नाहीत, यावर आपल्याकडे वाद निघाला की तो पगार, देशप्रेम आणि महागडे मायक्रोस्कोप यांच्याभोवतीच फिरतो. सायनॅप्समधल्या, म्हणजे मेंदूच्या दोन पेशींमधल्या सांध्यातल्या, प्रथिनांवर काम करणाऱ्यांची अडचण मात्र वेगळी आहे. त्यांना काम खंड न पडता चालायला हवं असतं.

उंदराच्या गर्भातल्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित भागाच्या) पेशी काचेवर वाढवतात, आणि त्या चिकटाव्यात म्हणून काचेला पॉली-डी-लायसिन लावतात. काच नीट धुतली नाही, तर उरलेलं लायसिनच पेशी मारतं. सायनॅप्स पक्व व्हायला १४ ते २१ दिवस लागतात. तोवर पेशी ज्या द्रवात वाढतात ते माध्यम बदलायचं ते अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्यात पेशींनी स्वतः सोडलेले पोषक घटक असतात. इन्क्युबेटरच्या तबकातलं पाणी आटलं, की माध्यमातले क्षार दाट होतात आणि पेशींचे तंतू तुटायला लागतात. एका रात्री वीज गेली, तर तीन आठवडे पाण्यात.

मेंदूच्या ऊतीचं काम तर मिनिटांवर चालतं. पीएसडी-९५ हे प्रथिन संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरांना जागेवर धरून ठेवतं. ऊती बर्फावर घ्यायला उशीर झाला, की कॅल्शियम पेशीत शिरतं आणि कॅमकेटू हे एन्झाइम सायनॅप्सला जाऊन चिकटतं, जसं ते शिकतानाही चिकटतं. मग आपण मोजतो ते शिकण्याचं चिन्ह नसतं, मरणाचं असतं! प्रथिन ओळखायला वापरतात ती अँटिबॉडी वाटेत कोरडा बर्फ उडून गेल्यामुळे खराब झाली, तर प्रथिन दाखवणारी पट्टी फिकी दिसते, आणि प्रथिनच कमी झालं असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

इथे अमेरिकेत अशा वस्तू बहुधा एक-दोन दिवसांत येतात. पण इथलं सगळंच बरं नाही. पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधकाचा) करार अनेकदा वर्षावर्षाचा असतो आणि व्हिसा त्या नोकरीला बांधलेला.

कौशल्य भारतात कमी नाही. बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत सिनगॅप१ या सायनॅप्सशी संबंधित जनुकावर काम होतं. त्यात बिघाड झाला की मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार दिसतो. जून २०२५मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले, संचालकांना २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार दिला. हे फार गरजेचं होतं. आता विमानतळावर अडलेल्या खोक्यात बर्फ भरणारा माणूस नेमलेला हवा, आणि प्रकल्प संपला म्हणून प्राणिगृहातला अनुभवी तंत्रज्ञ घरी जायला नको.