‘थोडं अ‍ॅडजस्ट करा’ म्हणणाऱ्यांनो, आधी तुम्ही सरका

‘वहिनी, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या नं.’

हे वाक्य कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेअर ऑटोत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जिथे जावं तिथे हाच एक शब्द. आणि म्हणणाऱ्याला स्वतःला मात्र तसूभरही हलायचं नसतं.

बर्डीवरून मानेवाड्याला जाणारा ऑटो घ्या. मागे तिघी बसलेल्या, जागा तिघींचीच. ऑटोवाला भाऊ चौथीला हात करतो, मान न वळवता आरशातूनच आम्हाला सांगतो, ‘सरका जरा, अ‍ॅडजस्ट करा.’ मग मी अर्धी सीटवर, अर्धी लोखंडी दांड्यावर, मांडीवर भाजीची पिशवी, एक पाय बाहेर, आणि बाहेर मे महिन्यातलं नागपूर. पंचेचाळीस अंशांत तो दांडा कसा लागतो, हे बसल्याशिवाय कळायचं नाही. भाडं मात्र चौघींकडून पूर्ण सीटचं.

एकदा चिडून या शब्दाची कुंडलीच काढली. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, लगत, शेजारी. त्याला ‘अ‍ॅड’, म्हणजे ‘कडे’, लागलं आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘जवळ आणणं’ असं क्रियापद झालं. ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘जोडणं’ झालं, आणि तिथून इंग्रजीत आलं. आधी चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘दुरुस्त करणं’ या अर्थानं, मग १६००च्या सुमारास पुन्हा नव्यानं, ‘नीट बसवणं, मिटवणं’ या अर्थानं. त्याच मुळाचा आजचा फ्रेंच शब्द ‘अजुते’, अर्थ ‘भर घालणं’. हा अर्थ मात्र आमच्या ऑटोवाल्याला तंतोतंत कळलेला दिसतो. तिघींत चौथीची भर.

पुढची गंमत ऐका. याच ‘युक्स्ता’पासून इंग्रजीत ‘जाउस्ट’ आलाय. म्हणजे युरोपातले सरदार चिलखतं चढवून, भाले रोखून, घोड्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, तो प्रकार. जवळ येणं म्हणजे भिडणंसुद्धा, असा त्यातला हिशेब. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मला ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हटलं आणि मी भाल्यासारखी छत्री रोखली, तर ते व्युत्पत्तीला धरूनच असेल.

इंग्रजीत हा शब्द बिचारा सरळ वागतो. तिथे काय अ‍ॅडजस्ट करायचं ते सांगावं लागतं. आरसा, पट्टा, घड्याळाचे काटे. नाहीतर कशाशी जुळवून घ्यायचं ते सांगावं लागतं, नवं गाव, नवी नोकरी, अंधार. विम्याच्या धंद्यात तर हे अठराव्या शतकापासून चालत आलंय. नुकसान किती, भरपाई किती, हे ठरवणारा माणूसच ‘अ‍ॅडजस्टर’. म्हणजे तिथे या शब्दानं तुम्हाला पैसे मिळतात! आपण काय केलं, तर त्यातलं कर्मच काढून टाकलं. ‘अ‍ॅडजस्ट करा.’ काय? किती? कुठवर? काही नाही, नुसतं करा. वाक्यातलं कर्म गेलं आणि आमच्या कपाळी आलं.

लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. ‘मुलगी मनमिळाऊ आणि अ‍ॅडजस्ट करणारी हवी.’ मुलाबद्दल असं लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. मुलगा ‘सेटल’ असतो. म्हणजे तो एका जागी बसलेला, आणि हिनं त्याच्याभोवती, त्याच्या आईभोवती, धाकट्या दिराच्या अभ्यासाभोवती आणि सासऱ्यांच्या पथ्याभोवती स्वतःला बसवत राहायचं. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी आत्यानं कानात हेच सांगितलं होतं. आशीर्वाद म्हणून!

‘युक्स्ता’च्या मुळाशी जो धातू आहे, तोच संस्कृतातल्या ‘युज्’च्या मुळाशी आहे. त्यातून योग आला, इंग्रजी ‘योक’ आला आणि आपलं बैलांच्या मानेवरचं ‘जू’ही आलं. इंग्रजीत ‘वैवाहिक’ या अर्थाचा शब्द ‘कॉन्जुगल’, तोही याच गोतावळ्यातला. आता सांगा, जू कधी एका बैलाच्या मानेवर असतं का? ते दोन मानांसाठीच घडवलेलं असतं. इथे एक जण ओढतोय आणि दुसरा बांधावर रवंथ करत म्हणतोय, थोडं अ‍ॅडजस्ट कर नं.

तसं आमच्या अख्ख्या शहरालाच याची सवय लावली आहे म्हणा. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५३ साली मराठी भाषकांचं एकच राज्य करायचा नागपूर करार झाला, १९५६ साली राजधानीपण गेलं, आणि बदल्यात मिळालं काय, तर विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन, तेही थंडीत, संत्र्यांच्या हंगामात. उन्हाळ्यात या म्हणावं एकदा. पण तो विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

शब्द बरोबर वापरला गेला तरी आमचं नशीब आडवं येतंच. घरचं वायफाय आठवडाभर बंद होतं. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट होऊन जाईल.’ हिशेबाच्या भाषेत हा अगदी चोख वापर. देण्यातून येणं वजा करायचं. पुढचं बिल पूर्ण आलं. त्याच्या पुढचंही.

आणि आता कुलर. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर ठेवलाय. ठेवा, नागपुरात कुलर नको असं कोण म्हणेल? पण टाकी भरायला त्यात नळी सोडतात आणि मालिका बघत बसतात. टाकी भरते, वाहते, आणि वाळ्याच्या ताट्यांचा वास असलेलं गंजकट तांबडं पाणी थेट माझ्या गॅलरीत. एप्रिलमध्ये गॅलरीत काय असतं हे कुठल्याही बाईला विचारा. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून, पहाटे उठून सोऱ्यानं घातलेल्या कुरड्या जुन्या साडीवर पसरल्या होत्या. दुपारी बघते तर निम्म्या विरघळून साडीला लगदा चिकटलेला, आणि उरलेल्यांवर गंजाचे ठिपके.

वर गेले. बाई म्हणाल्या, ‘अहो वहिनी, उन्हाळाच तं आहे, वाळून जाईन.’ गंजासकट वाळून जाईन! सेक्रेटरींकडे गेले, तर त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला, ‘तुम्ही लयच चिडून राहिल्या वहिनी. दोघी मिळून अ‍ॅडजस्ट करून घ्या नं.’

दोघी मिळून म्हणजे? त्यांनी पाणी सोडायचं आणि मी भिजायचं, अशी वाटणी? सेक्रेटरींना वाटतं आपण न्याय केला. वाटणारच, शब्दात ‘जस्ट’ आहे ना. युरोपातही लोक असेच फसले. ‘युस्टुस’ म्हणजे न्याय्य, त्या लॅटिन शब्दाशी त्यांनी ‘अ‍ॅडजस्ट’चं उगाच नातं चिकटवलं, आणि शब्दाचं रूप नि अर्थ दोन्ही तिकडे झुकले. मुळात न्यायाचा आणि या शब्दाचा काडीचा संबंध नाही. सेक्रेटरींचा निकाल ऐकल्यावर यावर माझा ठाम विश्वास बसला.

कुलरच्या टाकीत बसवायला फ्लोट मिळतो. प्लॅस्टिकचा एक गोळा आणि एक छोटी तोटी. पाणी ठरल्या उंचीला आलं की गोळा वर उचलला जातो, तोटी आपोआप बंद. पातळी अ‍ॅडजस्ट होते, तीही खऱ्या इंग्रजी अर्थानं, कुणाला काही सोसावं न लागता. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वरच्या बाईंना मी हे सांगितलंय, सेक्रेटरींना सांगितलंय, आता सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलंय. तो बसवा. मग बोलू.