आधी वर्कशॉप बघा
‘मेकॅनिकल घेऊ नका, कॉम्प्युटरच घ्या’ हा इंजिनिअरिंग प्रवेशावरच्या लेखातला सल्ला मला, एका मेकॅनिकलवाल्याला, अजिबात पटला नाही. पहिल्या वर्षी फिटिंगच्या तासाला मी एक लोखंडी पट्टी तीन आठवडे कानशीने घासली. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायची, फट दिसली की परत कानस. व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनावरचे ०.०२ मिमी म्हणजे काय, हे तिथे बोटांना कळलं. आज चाकणला डाय (धातूला आकार देणारा साचा) तपासताना तेच कामी येतं. खरं दुखणं वेगळं आहे. आमच्या कॉलेजात निम्मे लेथ (धातू कातायची यंत्रं) बंद असायचे आणि जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, सीनियरचं बघून उतरवावं लागायचं, हे आजही सलतं. प्रवेश घेण्याआधी मुलांनी वर्कशॉपमध्ये जाऊन मशीनं चालू आहेत का ते बघावं. प्लेसमेंटचे आकडे नंतर विचारा.