म्हात्रे पुलावर नाकाबंदी, राजाराम पुलावरून या

रस्ते सुरक्षित व्हायचे तर नुसतं पोलिसांवर विसंबून चालणार नाही, नागरिकांनीच पुढाकार घ्यायला हवा, असं दर जानेवारीत कुठल्या ना कुठल्या मांडवात कोणीतरी सांगतं. आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीने हे फारच मनावर घेतलं. पिऊन गाडी चालवणाऱ्याची समाजाने कशी काळजी घ्यावी, यात आता आमचा हातखंडा आहे. तुमच्या सोसायटीलाही उपयोग व्हावा म्हणून काही सूचना देतोय. शुल्क नाही.

आधी शपथ घ्या. शपथेला खर्च नाही. ‘मी मद्यपान करून वाहन चालवणार नाही’ हे वाचून दाखवायला खणखणीत आवाजाचा माणूस निवडा. थर्टीफर्स्टला गच्चीवरच्या बर्फाची सोयही तोच बघत असेल तर उत्तम, विषयातला जाणकार बरा. मग दुचाकी फेरी काढा. हेल्मेट नको. पुण्यात ते तत्त्वात बसत नाही, शिवाय फोटोत चेहरे ओळखू येत नाहीत. जनजागृतीचा फ्लेक्स नेमका वळणावर बांधा, म्हणजे पलीकडून येणारी गाडी दिसणार नाही आणि लोक आपोआप सावध होतील.

पाहुणा जिना उतरताना झोकांड्या खायला लागला तर वरून ओरडा, ‘सावकाश जा रे, पोचलास की मेसेज टाक!’ जबाबदारी संपली.

घरगुती उपायांवर श्रद्धा ठेवा. बडीशेप, वेलची, मसाला पान, लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी. पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकर मारली की मोजली जाते ती रक्तातून फुप्फुसात आलेली दारू, तोंडाचा वास नव्हे, असलं शास्त्र कोणी सांगायला लागलं तर त्याच्या हातात चकण्याची बशी द्या, गप्प बसेल. यकृत आपल्याच चालीने काम करतं, तासाभरात जेमतेम एक छोटा पेग उरकतं, आणि कॉफीने त्याची चाल वाढत नाही. कॉफीने फक्त टाईट झालेला माणूस जागा राहतो. पण जागा राहिला म्हणजे चालवू शकतो ना? मग झालं तर.

कायदा पाठ असावा, म्हणजे फटी सापडतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे भिंतीवर लावायला ठीक आहे, कामाची ओळ पुढे आहे. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं. तपासणी लवकर व्हावी म्हणूनच ही मुदत घातली असणार, बिचाऱ्यांनी. पुण्यात दोन तासांत भाऊंना फोन होतो, भाऊंच्या मेहुण्याला होतो आणि चौकीत ज्याची चार घटकांची ओळख आहे त्यालाही होतो. ‘घरचाच पोरगा आहे हो, साहेब.’

मुलाला मिसरूड फुटायच्या आत गाडी येते, हे चारचौघांत कौतुकाने सांगा. पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड वगैरे दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतं.

आता मुख्य सूचना. एक ग्रुप काढा.

आमच्या ग्रुपवर टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय हे समजायला आठवडा लागतो. लिफ्ट बंद पडली तर चार दिवस नुसते हात जोडलेले दिसतात. पण शनिवारी रात्री अकरानंतर हाच ग्रुप लष्कराच्या चौकीसारखा जागा होतो. ‘म्हात्रे पुलावर मशीन घेऊन उभे आहेत, राजाराम पुलावरून या.’ ‘नळस्टॉप क्लिअर.’ ‘वारज्यातपण आहेत, आतून या.’ खाली अंगठ्यांची रांग. ‘थँक्स काका, वाचवलंत!’ हे वाचवणारे काका म्हणजे तेच, खणखणीत आवाजाचे. पोलिसांनी भर थंडीत तासन् तास उभं राहून जे करायचं, ते यांनी पांघरुणातून अंगठ्याने उलटवायचं, आणि याला म्हणायचं एकमेकांना धरून राहणं. काकांनी वाचवलं ते नक्की कोणाला? त्याला वाचवलं ते दहा हजारांपासून. राजाराम पुलावर त्याच वेळी कोणी डबा पोचवत असेल, कोणी रात्रपाळी संपवून घरी जात असेल, त्यांच्या अंगावर काकांनी तो सोडला. पत्ता देऊन सोडला!

गेल्या शनिवारी असाच एक जण राजाराम पुलावरून सुखरूप आला आणि सोसायटीच्या फाटकात त्याला वळण जमलं नाही. ओळीने लावलेल्या दुचाकींवर गाडी घातली. त्यात माझी स्कूटर होती. जाऊ दे, पत्रा आहे. फाटकाशी वॉचमनकाकांची खुर्ची होती, तिचा चुरा झाला. काका खुर्चीत नव्हते, कारण याच साहेबांसाठी फाटक उघडायला उठले होते.

रविवारी कमिटीची तातडीची बैठक झाली. ठराव एकमताने: वॉचमनची खुर्ची फाटकापासून आत सरकवण्यात यावी.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर काय काय ऐकायला मिळालं! त्याच्या व्हिसाचं चाललंय. लग्न ठरतंय. त्याला फार वाईट वाटतंय, सकाळपासून जेवला नाही. आपापसात मिटवून घेऊ. मी ग्रुपवर एवढंच विचारलं की नाकाबंदीचा मेसेज कोणी टाकला होता. ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं. मी म्हणे सोसायटीची एकी बिघडवतो.

एकी! १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाने पोर्श गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर मारले आणि त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा याच ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या होत्या. तपासणीसाठी घेतलेल्या पोराच्या रक्ताच्या जागी आईचं रक्त ठेवल्याचा आरोप झाला, ससून रुग्णालयाचे दोन डॉक्टर अटकेत गेले, तेव्हा याच काकांनी ‘कुठे नेऊन ठेवलंय पुणं आमचं’ लिहिलं होतं. अहो काका, आरोप खरे धरले तरी ती माणसं काय करत होती? घरचा पोरगा वाचवत होती. तुम्ही तेच करता. त्यांच्याकडे पैसा होता, तुमच्याकडे फुकटचं इंटरनेट आहे.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीला, केसनंद फाट्यावर, फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेली, त्यात दोन चिमुरडी. डंपरचालक प्यायलेला होता. त्याला भर चौकात फाशी द्या, असं ग्रुपवर ठरलं होतं. त्याच्या व्हिसाचं कोणी विचारलं नाही. तो जेवला का, हेही नाही. डंपरवाला प्यायला तर खुनी, आणि आपला प्यायला तर ‘जरा जास्त झाली’. तुमची सगळी जनजागृती त्या डंपरवाल्यासाठी आहे. तुमच्या टेबलावर बसतो त्याच्यासाठी तुमच्याकडे फक्त बडीशेप आहे.

आता सूचना पुरे. सरळ बोलतो, कारण उपरोध समजण्याच्या पलीकडे गेलात तुम्ही. गेल्या शनिवारी पार्टीनंतर आपला हा पोरगा गाडीपाशी गेला तेव्हा तुम्ही पाच-सहा जण खाली उभे होता. त्याला किल्लीचं भोक सापडत नव्हतं आणि तुम्ही मोबाइलचा टॉर्च धरलात. हसत होतात! एकालाही किल्ली हिसकावून घेता आली नाही? तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोलला नसता. एवढी भीती वाटते त्याच्या रुसव्याची? रिक्षाला दोनशे रुपये काढता आले नाहीत, चकण्यावर हजार उडवलेत. मोटार वाहन कायद्यात १८८ नावाचं कलम आहे. पिऊन गाडी चालवण्याला चिथावणी देणाऱ्याला, मदत करणाऱ्याला तीच शिक्षा, जी चालवणाऱ्याला. टॉर्च धरणाऱ्यांनी आणि पुलांचे पत्ते वाटणाऱ्यांनी ते एकदा वकिलाकडून समजून घ्या, कारण मी तक्रारीत ते लिहिलंय आणि मेसेजचे फोटोही जोडलेत. ग्रुपमधून काढायच्या आधीच काढून ठेवले होते.

वॉचमनकाकांना अजून नवी खुर्ची मिळालेली नाही. गेला आठवडाभर ते रात्री उभे आहेत, साठी उलटलेला माणूस. ठरावात खुर्ची कुठे ठेवायची ते लिहिलंय. ती आणायची कोणी, ते आज संध्याकाळी ठरवा आणि आणा.