खुलासा : ड्योनिट्झ निर्दोष सुटले नव्हते

जर्मन नौदलाचे ग्रँड ॲडमिरल कार्ल ड्योनिट्झ यांच्याबद्दल एक संदेश फिरतो आहे. अमेरिकेचे ॲडमिरल निमिट्झ न्यूरेंबर्गला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात, साक्षीला उभे राहिले आणि त्यामुळे ड्योनिट्झ निर्दोष सुटले, कारण ते 'फक्त खलाशी' होते, असं त्यात म्हटलंय. हे चूक आहे.

निमिट्झ न्यायालयात आलेच नव्हते. त्यांनी लेखी प्रश्नांना उत्तरं दिली. पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्यांनीही पहिल्या दिवसापासून अनिर्बंध युद्ध (म्हणजे व्यापारी जहाजंही इशारा न देता बुडवणं) केलं, असं त्यांनी कबूल केलं. त्याचा परिणाम नेमका समजून घ्यायला हवा. पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांशी कसं वागावं याचे नियम ठरवणाऱ्या १९३६च्या लंडन प्रोटोकॉलचा (कराराचा) भंग ड्योनिट्झ यांनी केला, हे न्यायालयाने मान्यच केलं. फक्त शिक्षा ठरवताना तो भंग जमेस धरला नाही. आक्रमक युद्धाचा कट रचल्याच्या आरोपातून ते सुटले, मात्र आक्रमक युद्ध आणि युद्धगुन्हे या दोन आरोपांवर दोषी ठरले. शिक्षा १० वर्षं. ती श्पांडाऊ तुरुंगात पूर्ण भोगून १ ऑक्टोबर १९५६ला ते बाहेर आले.

'फक्त खलाशी' हे तर मुळीच पटणारं नाही. जहाजबांधणीसाठी छळछावण्यांतले १२,००० कैदी मजूर म्हणून वापरावेत, ही त्यांची शिफारस निकालपत्रात नोंदलेली आहे. हिटलरने मृत्युपत्रात राष्ट्राध्यक्षपद दिलं तेही त्यांनाच.

निकालपत्र छापील स्वरूपात उपलब्ध आहे, त्यातला ड्योनिट्झ यांच्यावरचा भाग छोटा आहे, जरूर वाचा. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.