हात गेला म्हणून माणूस गेला?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

सकाळी लेकाची बेसबॉलची मॅच होती. त्याच्या टीममधला पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, बारा वर्षांचं पोर, कोपर दुखतंय म्हणून गेले काही आठवडे नुसतं बसून आहे. बाकाच्या टोकाला बसून ग्लोव्हची वादी दातांनी ओढत होता. आणि आमचे कोच त्याच्या बाबांना सांगत होते, तेही पोराला ऐकू जाईल अशा आवाजात, "हात गेला की पिचरचा काय उपयोग?"

उपयोग! बैल आहे का तो?

जॉन माँटगोमेरी वॉर्डचं नाव या कोचने कधी ऐकलं असेल का? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला, लहानपणीच आईबाप गेलेला मुलगा. 1878 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी प्रॉव्हिडन्सच्या टीममध्ये पिचर म्हणून आला. पुढच्याच वर्षी 47 सामने जिंकून दिले आणि टीम विजेती झाली. एका मोसमात 587 इनिंग्ज, म्हणजे समोरचे तीन जण बाद होईपर्यंतची पाळी 587 वेळा! 17 जून 1880 ला बफेलोचे फलंदाज 27 वेळा समोर आले, एकदाही त्याने कुणाला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोहोचू दिलं नाही. बरं, तेव्हा पिचर आजच्यापेक्षा जवळून आणि कमरेखालून चेंडू टाकायचे, हे मान्य. तरीही 587 इनिंग्ज टाकून हात दुखणार नाही तर काय होणार?

न्यूयॉर्कला गेल्यावर तो उजवा हात पार दुखावला. इथेच त्याचं सगळं संपायला हवं होतं ना? हा पठ्ठ्या 1884 मध्ये सेंटर फिल्डला, म्हणजे मैदानात मागे मधोमध, उभा राहिला आणि डाव्या हाताने चेंडू फेकायला शिकला. उजवा जरा बरा झाल्यावर शॉर्टस्टॉप झाला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षणातली सगळ्यात धावपळीची जागा. 1888 आणि 1889, लागोपाठ दोन वर्षं न्यूयॉर्क विजेतं, शॉर्टस्टॉपला वॉर्ड. पिचर म्हणून 164 विजय आणि बॅटने दोन हजारांवर हिट्स, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या पातळीवर, शंभर विजय आणि दोन हजार हिट्स असलेला दुसरा माणूस आजवर झालेला नाही. फलंदाज म्हणून तो पहिल्या रांगेतला नव्हता, ठीक आहे. पण त्या बाकावरच्या पोराला हे कुणी सांगितलंय का?

हे टाइप करतानाही त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाहीये. आम्ही निघताना त्याने मला विचारलं, "काकू, मी पुढच्या मॅचला येऊ का?" खेळायला नव्हे हो, नुसतं यायला.

तुम्ही सगळे माझेच लोक आहात. माणूस वापरून फेकून द्यायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? वॉर्ड ते क्लबच्या मालकांच्या तोंडावर सांगत होता. खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि 1885 मध्ये खेळाडूंची पहिली संघटना उभी केली. तेव्हा 'रिझर्व्ह'चा नियम होता: करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा, मालक सोडेल तेव्हाच सुटका. पळालेल्या गुलामांना पकडून परत नेणाऱ्या कायद्यासारखा हा नियम आहे, असं त्याने 1887 मध्ये छापून आणलं. पुढच्या वर्षी तो संघाबरोबर जगाच्या दौऱ्यावर गेलेला असताना मालकांनी मागे काय करावं? खेळाडूंच्या श्रेणी ठरवल्या, त्याही मैदानाबाहेरची वागणूक धरून, आणि पगाराला 2500 डॉलरची मर्यादा घातली. पाठीमागून वार!

मग 1890 मध्ये याने खेळाडूंची स्वतःची लीगच काढली. एका मोसमात बुडाली, खरंय. पैसे लावणारेच मालकांशी तडजोड करून मोकळे झाले.

वॉर्ड 1925 मध्ये गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, त्याला घ्यायला 1964 उजाडलं. आणि तो रिझर्व्हचा नियम? तो मोडायला 1975 चा डिसेंबर लागला. लीग बुडाल्यावर तब्बल 85 वर्षं खेळाडू मालकांच्या दावणीलाच होते.